दीड लाख, नऊ गाणी आणि पहिला अल्बम

घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून एका २३ वर्षांच्या गायिकेचा प्रश्न आला आहे. ती सहा वर्षं गावच्या भजनी मंडळात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गाते. स्वतःची नऊ गाणी तयार आहेत, त्यातली पाच वऱ्हाडीत. कार्यक्रमांचे आणि विकलेल्या कापसाचे मिळून दीड लाख रुपये तिने बाजूला काढलेत. एका कंपनीने तेवढ्यातच नऊ गाणी आणि एका गाण्याचा व्हिडिओ करून देतो असं सांगितलं, पण "वऱ्हाडी चालणार नाही, शुद्ध मराठीत गा" अशी अट घातली. ती विचारते: भाऊ, अल्बम करू की एकेक गाणं सोडू? त्यांचं ऐकू का? घरी रेकॉर्डिंग जमतं का?

ताई, आधी थेट उत्तरं देतो. ते पॅकेज घेऊ नको. नऊ नको, सहा गाणी कर. वऱ्हाडी गाणी वऱ्हाडीतच गा. घरी रेकॉर्डिंग जमतं, पण सगळं नाही. आणि पुढचे तीन महिने कुठल्याच स्टुडिओची पायरी चढू नको, माझ्याही नाही.

मी आधी सहा वर्षं मुंबईत असिस्टंट रेकॉर्डिस्ट होतो आणि गेली एकवीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात स्वतःचा छोटा स्टुडिओ चालवतो. पहिला अल्बम करायला आलेली बरीच मुलं-मुली पाहिली. गाणं सगळ्यांना येत असतं. पण कुठल्या सुरात गायचं, कुठल्या लयीत, कुठला शब्द राहणार आणि कुठला जाणार हे ठरलेलं नसतं. मग ते स्टुडिओत ठरतं. तिथे तासाचे पैसे चालू असतात, ढोलकीवाल्याला शेवटची एसटी गाठायची असते, गाणाऱ्याचा गळा बसत आलेला असतो. अशा वेळी जो माणूस ठामपणे बोलतो त्याचं चालतं, आणि तो बहुतेक संगीत संयोजक असतो. त्याची चूक नाही, त्याला काम संपवायचं असतं. पण अल्बमवर नाव तुझं आणि आतले सगळे निर्णय दुसऱ्याचे, असं होऊन बसतं. दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमला माणूस सावध होतो. पहिल्याच वेळी सावध व्हायचं असेल तर हे निर्णय घरी, फुकटात, थंड डोक्याने घ्यायला हवेत.

अल्बम की एकेक गाणं, हा प्रश्न पैशाचा नाही. अल्बम हा शब्दच मुळात फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या पुस्तकावरून आला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून चार-पाच तबकड्या एका पुठ्ठ्यात घालून विकायचे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली, आणि आठ-दहा गाण्यांचा अल्बम हा रिवाज पडला. कॅसेटनेही तोच पाळला. आता मोबाईलवर ऐकताना अशी कुठलीच बाजू भरायची नाही. त्यामुळे आकडा भरायला गाणी घेऊ नको. तुझ्या नऊपैकी कुठली सहा एकमेकांच्या शेजारी बसतात ते बघ. तू पाठवलेल्या यादीत तीन गाणी कापूस वेचणीला जाणाऱ्या बायांची आहेत, एक भुलाबाईच्या, म्हणजे आपल्याकडच्या पोरीबाळींच्या सणातल्या गाण्यांच्या, चालीवरचं, एक नवऱ्याने शहरात नेलेल्या मैत्रिणीला घातलेली हाक, एक आजीवरचं. या सहांत एकच घर दिसतं. उरलेली तीन प्रेमगीतं चांगली असतीलही, पण ती कुठल्याही गावची, कुठल्याही मुलीची आहेत. ती पुढे एकेक करून सोड. आधी सहांतलं एक गाणं सोडून मग अल्बम काढला तरी चालतं, तसं सगळेच करतात.

आता घरी बसून करायच्या कामाकडे येतो.

पहिलं काम सूर ठरवण्याचं. भजनी मंडळात पेटी पुरुषांच्या सोयीने काळी एकला किंवा पांढरी एकला लागते, म्हणजे पेटीची पहिली काळी किंवा पांढरी पट्टी 'सा' धरतात. बाया तिथूनच, वरच्या सप्तकातून गातात. अंतऱ्यात तार सप्तकाचा पंचम, म्हणजे वरचा 'प', आला की ओरडल्याशिवाय लागत नाही. सहा वर्षं तू तेच केलंस, त्यामुळे तुझा आवाज उंच आहे असं तुला वाटतं आणि लोकही तसंच म्हणतात. माइकसमोर हा गैरसमज उघडा पडतो. मंडपात ओरडलेला सूर पोहोचतो, पण वितीभर अंतरावरच्या माइकला तो पत्र्यासारखा लागतो. म्हणून असं कर. प्रत्येक गाण्याची सगळ्यात खालची ओळ आणि सगळ्यात वरची ओळ काढ. मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव. काळी तीनपासून काळी पाचपर्यंत एकेक पट्टी बदलत या दोनच ओळी गा आणि रेकॉर्ड कर. लगेच ऐकू नको, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक. ज्या पट्टीत खालच्या ओळीतला शब्द अजून स्पष्ट कळतो आणि वरच्या ओळीत आवाज बारीक होत नाही, ती त्या गाण्याची पट्टी. मला वाटतं तू काळी चारच्या आसपास येशील. सहाही गाण्यांना एकच पट्टी हवी असा हट्ट धरू नको, उलट एकच पट्टी असली की ऐकणाऱ्याचा कान तिसऱ्या गाण्याला थकतो.

दुसरं लयीचं. आपल्याकडे भजन सुरू होतं त्या लयीत संपत नाही. टाळ चढतो, खंजिरी चढते, शेवटच्या कडव्याला मंडळी उठून उभी राहतात. तो चढ हेच त्या गाण्याचं बळ असतं. स्टुडिओत मात्र कानात क्लिक देतात, ठोके मोजून एकसारखे. क्लिक वाईट नाही, त्याच्याशिवाय वेगवेगळ्या दिवशी वाजवलेली वाद्यं जुळत नाहीत. पण सहा गाणी तपासून ठरव की कुठली क्लिकवर नीट बसतात आणि कुठली मरतात. माझ्या मते वेचणीची तिन्ही क्लिकवर बसतील, कारण हाताची लय एकसारखी असते. त्यांचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, घरीच काढून वहीत लिही आणि इअरफोनमध्ये क्लिक घालून रोज गा. पंधरा दिवसांत तो कानाला टोचायचा थांबतो. भुलाबाईचं गाणं मात्र क्लिकवर घेऊ नको. ते ढोलकी, टाळ आणि चार बाया एका खोलीत बसवून एकत्र घेऊ, लय जशी चढेल तशी चढू दे. एखादा टाळ मागेपुढे वाजला तरी चालेल.

तिसरं भाषेचं. यावर जरा थांबतो, कारण माझा सगळ्यात जास्त जीव यात आहे.

"शुद्ध मराठीत गा" म्हणणाऱ्याला वाटतं की शब्द बदलला की झालं. गाण्यात तसं होत नाही. तू लिहिलंस "मले", ते म्हणतात "मला" कर. "मला"मधला आ लांब धरला की जबडा उघडतो, आवाज छातीतून येतो. "मले"मधला ए धरला की जीभ वर येते, आवाज पुढे, दातांकडे सरकतो आणि थोडा टोकदार होतो. तू चाल बांधलीस ती "मले"वर. तिचा लांब सूर त्या टोकदार ए साठी आहे. शब्द बदललास की सूर तोच राहतो आणि रंग बदलतो, मग गाणं उगाच जड वाटायला लागतं आणि का ते कुणालाच सांगता येत नाही. तसंच "डोळा"चं. आपल्या बोलीत तो "डोया" होतो. ळ ला जीभ मागे वळून अडते, य ला अडत नाही, स्वर वाहत जातो. "डोयाले पानी" ही ओळ एका श्वासात मिंडेसारखी, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाते, "डोळ्याला पाणी" म्हटलं की दोन जागी ठेच लागते. तेव्हा कंपनी जे शुद्ध करायला सांगते आहे ती तुझी चालच आहे.

विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडीत कविता लिहिल्या आणि त्या साऱ्या महाराष्ट्राने ऐकल्या. कळणार नाही ही भीती खोटी आहे. पण एक शिस्त मात्र पाळायला हवी. एका गाण्यात "डोया" आणि दुसऱ्यात "डोळा", एका कडव्यात "मले" आणि पुढच्यात "मला", असं होऊ देऊ नको. ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी सिनेगीतं गाऊन तुझ्या जिभेला दोन्ही सवयी लागल्या आहेत, माइकसमोर ताण आला की जीभ घसरते. सहाही गाणी वहीत उच्चाराप्रमाणे लिही, पुस्तकातल्या शुद्धलेखनाप्रमाणे नाही. मग आजीला वाचून दाखव. ती जिथे हसेल किंवा "असं नाही म्हनत पोरी" म्हणेल तिथे दुरुस्त कर. माझ्या स्टुडिओत याहून चांगला भाषा-सल्लागार मिळणार नाही.

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल तू विचारलंस. बिली आयलिश या अमेरिकन गायिकेचा पहिला स्टुडिओ अल्बम २०१९ साली आला. तो बहुतांशी आईवडिलांच्या घरात, तिच्या भावाच्या लहानशा झोपण्याच्या खोलीत रेकॉर्ड झाला होता, आणि २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हे उदाहरण लोक फार देतात. पण तिचा भाऊ फिनियस स्वतः कसलेला निर्माता होता, हे सांगायचं राहून जातं. खोलीपेक्षा कान महत्त्वाचे.

तरी तुझ्याकडे एक खोली अशी आहे जी शहरातल्या स्टुडिओवाल्याला पैसे मोजून करावी लागते. भाव वाढेल म्हणून उरलेला कापूस घरात भरून ठेवला आहे असं तू लिहिलंस. त्या खोलीत जाऊन एक टाळी वाजव, मग ओसरीवर येऊन वाजव. ओसरीवर टाळीच्या मागे एक झणझणाट येतो, कापसाच्या खोलीत टाळी जागीच विझते. कापूस मधले आणि वरचे सूर पिऊन टाकतो, भिंतीवरून परत फिरू देत नाही. डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, तिथे कर, अगदी अंतिम गायनातले काही तुकडेसुद्धा तिथे होऊ शकतील. मात्र काळजी घे. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते आणि धुळीने गळा खवखवतो, म्हणून आत एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नको, बाहेर येऊन कोमट पाणी पी. विजेचं एक्स्टेंशन, बल्ब, उदबत्ती, काहीही आत नेऊ नको, फक्त मोबाईल, तोही चार्जरला न लावता. चार्जर लावलेल्या उपकरणात कधी कधी बारीक घूं असा आवाज येतो, तोही यामुळे टळतो. खोलीत उभं राहायला जागा नसेल तर दारात राहा. तोंड कापसाकडे ठेव, मोबाईल तोंडापासून वितीभर अंतरावर, आणि तुझ्या पाठीमागे दोरीवर दोन वाकळी टांग. वाकळ पाठीमागेच हवी, कारण तुझ्या मागच्या भिंतीवरून फिरलेला आवाज सरळ माइकच्या तोंडात शिरतो.

वेळ पहाटेची किंवा रात्रीची. उन्हाळा लागला की घराघरात कूलर सुरू होतील आणि कूलरची घरघर नंतर कशानेही नीट निघत नाही. ती काढणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती आवाजाचाही थोडा जीव काढून घेतात. शेतात रात्रपाळीची लाइन असते त्या आठवड्यात विहिरीवरची मोटर ऐकू येते का तेही बघ.

असे सहाही डेमो झाले की लग्नसराईत ती गाणी ऑर्केस्ट्रात मधेच गाऊन बघ, स्वतःची आहेत असं न सांगता. टाळ्यांकडे लक्ष देऊ नको. जेवणाच्या पंगतीतून कुणी मान वर करतं का आणि कुठल्या ओळीला करतं, ते बघ. ती ओळ वहीत अधोरेखित कर. गाण्याची सुरुवात तिच्या जवळ आणता येते का ते पाहू. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणं ऐकलं असं मोजतच नाहीत, आणि आपल्याकडचे संयोजक पाऊण मिनिटाची सुरावट आधी वाजवतात. तेवढ्यात ऐकणारा पुढे गेलेला असतो.

स्टुडिओचं काम पोळ्यानंतर धरू. पावसाळ्यात तुझे कार्यक्रम नसतात, गळ्याला विसावा मिळतो. मात्र सोयाबीन काढणीच्या आत संपवू, थ्रेशरची धूळ गळ्याला सगळ्यात वाईट. एका दिवसात तीन तासांपेक्षा जास्त गाऊ नको, दोन गाण्यांच्या वर जाऊ नको. पहिला टेक कितीही कच्चा वाटला तरी पुसू द्यायचा नाही. त्यात बरेचदा एखादी ओळ अशी असते जी दहाव्या टेकला येत नाही. सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर सगळेच वापरतात, मीही वापरतो. पण ते एका ठरावीक प्रमाणापलीकडे वापरलं की कणस्वर, म्हणजे मुख्य सुराला लागून येणारे निसटते सूर, आणि मींड सपाट होतात, आणि तुझं सगळं गाणं त्या कणांवर उभं आहे. तेव्हा जिथे खरंच बेसूर आहे तिथे एकेक सूर हाताने दुरुस्त करा, अख्ख्या गाण्यावर स्वयंचलित लावू नका, असं रेकॉर्डिस्टला पहिल्याच दिवशी सांग. आवाज किती मोठा ठेवायचा यावरूनही भांडू नको. स्पॉटिफाय, यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास गाणी आणून ठेवतात, जास्त ठोकून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं.

आता कागदपत्रं. कंपनीच्या कराराची प्रत तू पाठवलीस, त्यातलं चौथं कलम पुन्हा वाच. पैसे तू देणार आणि गाण्यांचे "सर्व हक्क कायमस्वरूपी" कंपनीचे. असं कुणी मागितलं की तिथेच उठायचं. मी स्वतः तरुणपणी एका गायकाला अशाच कागदावर सही करू दिली होती, मला वाचता येत होतं तरी. आज तो स्वतःचीच गाणी स्वतःच्या चॅनलवर टाकू शकत नाही. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून पुढचं नीट ऐक.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल तुझे. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं त्याचा. तू स्वतः पैसे देऊन करवते आहेस, तर निर्माती तूच, आणि हे स्टुडिओकडून एका कागदावर लिहून घे. हक्क द्यायचेच झाले तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात, आणि त्यात कुठलं गाणं, किती वर्षं, कुठल्या प्रदेशापुरतं, किती रॉयल्टी हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा आता कराराने काढून घेता येत नाही. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची सभासद हो.

ध्वनिमुद्रण कुणाच्या हातात आहे याने काय होतं ते अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या बाबतीत जगाने पाहिलं. तिचा पहिला अल्बम २००६ साली आला तेव्हा ती १६ वर्षांची होती. पहिल्या सहा अल्बमची मूळ मुद्रणं कंपनीकडे होती. २०१९ मध्ये कंपनीच विकली गेली, त्याबरोबर तिची मुद्रणंही गेली. ती परत विकत घ्यायला २०२५ उजाडलं, आणि तिच्याकडे पैसा होता म्हणून ते जमलं.

भजन मंडळातलं एखादं राष्ट्रसंतांचं भजन अल्बममध्ये घ्यायचा विचार तू लिहिला आहेस. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. कवी गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. तोवर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागेल. भुलाबाईच्या पारंपरिक चालीला आणि ओव्यांना मालक नाही, त्या खुशाल घे. मात्र कुणाच्या कॅसेटवरचं संगीत संयोजन उचलू नको, इंटरनेटवरच्या फुकट बीट्सही नको. तीच बीट आधी दुसऱ्या कुणी नोंदवलेली असते आणि यूट्यूबवर तुझ्या गाण्यावर दावा येतो.

दीड लाखाचं असं कर. वादकांना ५० हजार, त्यात कंजूसी नको. स्टुडिओला ३५ हजार. मिक्सिंग आणि मास्टरिंगला, म्हणजे सगळे आवाज जुळवून गाणं पक्कं करायला, ३० हजार. प्रवास, राहणं, जेवण १० हजार. फोटो, कव्हर आणि ऑनलाइन वितरण, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणं, १० हजार. १५ हजार हात न लावता ठेव, काहीतरी पुन्हा करावं लागतंच. व्हिडिओ यात नाही, मुद्दाम नाही. वेचणीच्या वेळी वावरात मोबाईलवर काढलेलं चित्रण त्या गाण्याला पुरेल. वितरणाच्या वेळी प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळेल, तो वहीत लिहून ठेव. उद्या वितरक बदललास तर तोच क्रमांक पुढे न्यायचा. नवा घेतलास तर आधीची ऐकणी मागे राहू शकतात. स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय एखाद्या गाण्याचे पैसेच सुरू होत नाहीत, म्हणून या दीड लाखाची परतफेड तिथून होईल असं घरी सांगू नको. अल्बम आल्यावर कार्यक्रमाची बिदागी वाढते, पैसे तिथून येतात.

आत्ता एवढंच कर. कंपनीला नाही म्हणून कळव, फोनवर नको, लेखी. या आठवड्यात आजीवरच्या गाण्याची खालची आणि वरची ओळ तीन पट्ट्यांमध्ये रेकॉर्ड करून मला पाठव. पट्टीचं नाव फाईलला देऊ नको, फक्त एक, दोन, तीन लिही. मी ऐकून सांगतो कुठली, आणि तूही तुझी आधी ठरवून वहीत लिहून ठेव. दोघांची एकच निघाली तर पुढच्या गाण्याला मला विचारायची गरज नाही.